सर हरले की गडवा

आमच्या सरांना हरायला फार आवडायचं. कॅरममध्ये नाही हं. कॅरममध्ये ते चक्क बोटानं सोंगट्या सरकवायचे, आणि मी पाहिलं तर माझ्यावरच डोळे वटारून "काय पाहून राहिली?" म्हणायचे. त्यांना हरायचं असायचं ते पेशंटकडून. तेवढं एकदा जमलं की सरांचे पाय दिवसभर जमिनीला लागायचे नाहीत.

हे कळायचं तर आधी आमचं काम कळायला हवं. भंडाऱ्यात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचा दवाखाना होता आणि तिथं हृदयाच्या स्नायूच्या आजारावर संशोधन चालायचं. मी तिथं सिस्टर. लोकांना हार्ट अटॅक माहीत असतो; नळी बंद पडली, उघडली, झालं. हा आजार तो नव्हे. सर पेशंटला समजवायचे, "विहिरीवरची मोटर थकली तं पाइप कितीही साफ असू दे, वावरात पाणी येईन का? तुही मोटर थकली आहे. आपण तिले पुन्हा कामाले लावू." कुणाची मोटर बाळंतपणानंतर थकते, कुणाची दारूनं, कुणाच्या घराण्यातच ते चालत येतं, आणि कित्येकांची का थकली हे कुणालाच सांगता येत नाही. माणूस धापा टाकत येतो, पाय सुजलेले असतात, रात्री आडवं होता येत नाही म्हणून उशा रचून बसून झोपतो.

तो आला की आम्ही छातीवरून एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायचो, रक्त तपासायचो, व्हरांड्यात त्याला चालायला लावायचो. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये घातलं की या माणसाचं पुढं कसं होईल याचा अंदाज तो सांगायचा. सर त्याला पंचांग म्हणायचे. पंचांग उघडण्याआधी सरांनी स्वतःचाही अंदाज सांगायचा, चांगलं, मधलं की खराब, आणि मी तो लिहून ठेवायची, असा नियम होता. मग औषधं, मग वरचेवर तपासण्या, आणि कोणाचा अंदाज कितपत खरा ठरला, कशानं कोणाचं बरं झालं, ते पाहायचं.

आता कुठल्याही डॉक्टरला आपला अंदाज खरा ठरला की बरं वाटतं. आमच्या सरांचं सगळं उलटं. 'खराब' म्हणून लिहिलेला माणूस व्हरांड्यातून तरातरा चालत आला की हे खुर्चीतून उठून ओरडायचे, "हरलो रे बाप्पा, हरलो." आणि पेशंटला तिथंच बसवून स्वतः पितळेच्या बाजारात. आमच्याकडे तांब्याला गडवा म्हणतात. सर एक गडवा घ्यायचे आणि दुकानदाराकडून त्यावर नाव कोरून घ्यायचे, 'अमुक तमुक यांस, हरलेल्याकडून सप्रेम भेट.' दुकानदाराची पक्की समजूत होती की सर कुस्तीच्या दंगलीत उतरतात. एकदा त्यानं मला बाजूला घेऊन विचारलंही की या वयात सरांशी कोणता पहिलवान कुस्ती खेळतो.

मी नवी होते तेव्हा न राहवून म्हटलं, "सर, अंदाज चुकला म्हणजे आपलं संशोधनच चुकलं ना?"

"अंदाज सांगून मोकळं व्हायचं असतं तं मी पवनीच्या घाटावर पोपट घेऊन बसलो असतो," सर म्हणाले. "अंदाज कायले करतो आपण? ज्याचं खराब दिसते त्याच्या मांगं जास्त धावता यावं म्हणून. धावलो अन् तो बरा झाला, तं माहा अंदाज चुकणारच. चुकलाच पाहिजे."

धावायचे म्हणजे खरंच धावायचे, आणि त्यांच्या मागं मी. सर मूळचे पवनीचे. नागपूरला शिकले, मोठमोठ्या शहरांत नोकऱ्या केल्या आणि साठीच्या जवळ येऊन पुन्हा इकडं आले. अंगानं काटकुळे, आवाज मात्र दोन गल्ल्या ओलांडून जाणारा. शर्टाच्या खिशात कायम स्टीलचा चमचा. पेन विसरायचे, चष्मा विसरायचे, एकदा तर मला कारध्याच्या पुलावर विसरून गाडी घेऊन निघून गेले. पण चमचा कधी विसरले नाहीत. तो चमचा मिठासाठी होता. हृदय थकलं की मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, पाय सुजतात, दम वाढतो. म्हणून सर पेशंटच्या घरी न सांगता, बरोबर जेवणाच्या वेळी जायचे. कुणी बसा म्हणायच्या आत चपला काढून थेट चुलीपाशी. झाकण उचललं, चमचा बुडवला, डोळे मिटले. लाखोळीची डाळ असो की मासोळीचा रस्सा, सरांनी चाखल्याशिवाय घरातल्या माणसांच्या पानात पडायचा नाही. मला मेलीला इतकी लाज वाटायची की मी दारातच उभी राहून गाईला कुरवाळत राहायची.

गावंही काही कमी नव्हती. आमची गाडी फाट्यावर दिसली की फोन फिरायचे आणि घरोघरच्या लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली जायच्या. कारध्याच्या एका काकूनं तर सरांसाठी वेगळी भाजीच ठेवली होती. बिनामिठाची वांग्याची भाजी समोर चुलीवर, आणि घरची खरी भाजी मागच्या खोलीत. सर ती फिकी भाजी चाखून खूश व्हायचे, "पाहा, याले म्हणतात शिस्त." मला मागच्या खोलीतून फोडणीचा वास यायचा, पण मी कशाला बोलू. एक दिवस सरांना भूक लागलेली होती. ते मांडी घालून बसले आणि म्हणाले, "काकू, वाढाच आज." दोन घास कसेबसे गिळून त्यांनी ताटाकडं पाहिलं. "तुमी हे रोज खाता?" काकूला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला आणि मागून खरं भांडं आणून समोर ठेवलं. मला वाटलं आता हे चिडतील. कसचं काय. सरांनी दोन्ही भाज्या ताटात एकत्र केल्या, चाखल्या आणि म्हणाले, "हे जमलं. इतकंच टाकत जा." त्या घरात अजून त्या भाजीला 'सरची भाजी' म्हणतात.

सरांना एका शब्दाचा मात्र मनापासून राग होता. आमचं मुख्य कार्यालय मोठ्या शहरात. पेशंट तपासणीला यायचा थांबला, फोनही उचलेना, की तिकडून सांगायचे, 'हरवला' म्हणून नोंद करा आणि प्रकरण बंद करा. सर फोनवर तडकायचे. "हरवला म्हणजे? बैल आहे का तो? त्याले मामा आहे, आत्या आहे, जावई आहे. या जिल्ह्यात माणूस हरवते कसा ते दाखवा मले." तिकडचा मुलगा बिचारा गोंधळून फोन ठेवून द्यायचा.

आणि मग सुषमा हरवली.

सुषमा आली तेव्हा तिचं बाळ अजून मान धरत नव्हतं. पवनीच्या अलीकडं एका गावात तिचं माहेर. घरी कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा माग, वडील नाहीत, मायच माग चालवायची. नवरा हैदराबादला कामाला. बाळंतपणाला माहेरी आली आणि नंतर तिला दम लागायला लागला. मायला वाटलं अशक्तपणा असेल, म्हणून तिनं डिंकाचे लाडू चारले. शेवटी पोरगी घोटभर पाणी प्यायलाही उठेना तेव्हा आमच्याकडं आणली. माय छोटीशी, काटक, डोळे कसे टोकदार. बाळ तिच्या खांद्यावर, आणि त्याच्या गालावर रुपयाएवढी काजळाची तीट.

सरांनी एको पाहिला. बराच वेळ पाहिला. मग पंचांग न उघडताच हळू आवाजात मला म्हणाले, "खराब लिही." नंतर पंचांगही तेच बोललं. सर बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी मागून गेले तर म्हणाले, "सिस्टर, या पोट्टीनं मले हरवलं पाहिजे." त्या दिवशी त्यांनी कॅरमला हात लावला नाही.

पुढचे महिने सर तिच्या मागं हात धुऊन लागले. अंगावर पिणाऱ्या बाळाला चालतील अशा गोळ्या निवडल्या, त्या हळूहळू वाढवल्या. त्यांच्या घरी आमच्या इतक्या चकरा झाल्या की त्यांची कोंबडी सरांना ओळखायला लागली. मायशी मिठावरून रोजचं भांडण. माय म्हणायची, "पोरीच्या तोंडाले चव नाई जी, कशी खाईन ते?" सर म्हणायचे, "चव मी आणतो." आणि दुसऱ्या दिवशी लिंबं, सांभार, हिरवी मिरची पिशवी भरून घेऊन हजर. सांभार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. पायाची सूज उतरली. मग ती आडवी झोपायला लागली. मग एक दिवस बाळाला कडेवर घेऊन अंगणात फिरताना दिसली आणि सर गाडीतच टाळ्या वाजवायला लागले.

मग तो दिवस आला. दवाखान्यात गर्दी होती, बाकावर जागा नव्हती. सुषमा व्हरांड्यातून अशी चालत गेली की मलाच तिच्या मागं धावावं लागलं. एकोत तिचं हृदय जवळजवळ सगळ्यांसारखं झालं होतं. सर पडदा बाजूला सारून भर गर्दीत आले आणि ओरडले, "हरलो. या पोट्टीनं चारी मुंड्या चीत केलं मले. पाहा, पाहा हिच्याकडे, कोणी म्हणन का आजारी होती?" गडवा त्यांनी आधीच आणून ठेवला होता. तो बाकावरच्या बायांच्या हातून फिरत फिरत निघाला, जी ती वरचं नाव वाचते आणि सुषमाकडं पाहते. एक बाई म्हणाली, "मायबाई, कशी फुलून आली." दुसरी म्हणाली, "लेकरूही कसं गुटगुटीत आहे."

मी तेव्हा मायकडं पाहायला हवं होतं. मी पेढे वाटत होते.

त्या दिवसापासून सुषमा आली नाही. तपासणीचा दिवस गेला, पुढचाही गेला. फोन बंद. आम्ही माहेरी गेलो तर माय दारातच उभी, "सासरी गेली जी." सासरी गेलो तर सासू म्हणाली, "अजून माहेरीच आहे, नाई का?" पुन्हा माहेरी गेलो तर दाराला कुलूप. सर चक्रावले. बरी झालेली माणसं आमच्याकडं यायची थांबतात, हे नवीन नव्हतं. पण त्यातच खरा धोका असतो. गोळ्यांनी सावरलेलं हृदय गोळ्या बंद केल्या की पुन्हा सैलावू शकतं, आणि बाहेरून बराच काळ काही कळत नाही. माणूस हसत खेळत असतो आणि आत मोटर पुन्हा थकत चाललेली असते. सर रोज सकाळी मला एकच विचारायचे, "गोळ्या घेत असन का व ते?" मला काय माहीत. मुख्य कार्यालयातून फोन आला, 'हरवली' लिहून टाका. सरांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः बाहेर गेले, त्यावरूनच मला कळलं की हे प्रकरण वेगळं आहे. एरवी ते तासभर भांडले असते.

दिवाळी झाली आणि सर एका सकाळी उड्या मारतच आले. "सिस्टर, मंडई."

आमच्याकडं दिवाळीनंतर, धान निघायला लागलं की गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई त्या गावात त्या दिवशी सगळे पाहुणे. बाजार बसतो, दिवसा दंडारीचं नाचगाणं, रात्री नाटक. सासरी गेलेली लेक एक वेळ राखीला चुकेल, माहेरच्या मंडईला चुकत नाही. सर म्हणाले, "माय तिले घरात लपवन. पण मंडईच्या दिवशी बांगड्या भराले तं बाहेर निघनच."

झालं. आम्ही एकोची छोटी मशीन गाडीत टाकून सुषमाच्या माहेरच्या मंडईला. सरांनी कासारणीच्या दुकानाशेजारी स्टूल टाकलं आणि ठाण मांडलं. शिंगाड्याचे ढीग, फुग्यावाले, जिलेबीची कढई, तिकडं दंडारीची ढोलकी, आणि मध्ये आमचे सर कासारणीला बांगड्यांचे जोड काढून देताहेत. पोरीबाळींना सल्लेही सुरू. "हा रंग नाही शोभत तुले, हिरव्या घे." कासारीण आधी वैतागली, मग तिचा धंदा वाढलेला पाहून तिनं सरांना चहा सांगितला. मधेच उठून ते आलूबोंड्याच्या गाडीवर गेले, रश्श्यात चमचा बुडवला आणि त्या माणसाशी मिठावरून भांडून आले. मी तोंड दुसरीकडं करून शिंगाडे खात होते.

दुपार कलायला लागली तेव्हा एक हात पुढं आला. हिरव्या बांगड्यांवर बोट ठेवून कुणीतरी म्हणालं, "हे दाखवा व बाई."

सरांनी वर पाहिलं. सुषमा. कडेवर बाळ, आता चांगलं मोठं झालेलं. तिनं सरांना पाहिलं आणि आधी खळखळून हसली, "अगाई, सर, तुमी बांगड्या विकता?" मग हसू गेलं आणि तिनं मागं वळून पाहिलं. मागं माय उभी होती.

मला वाटलं आता भांडण होणार. पण मंडईच्या दिवशी दारी आलेल्याला कुणी हाकलत नाही. माय नुसतं म्हणाली, "चला घरी. इथं बोलाचं नाई."

मागाच्या खोलीत आम्ही बसलो. मायनं दार लोटून घेतलं आणि तिच्या तोंडचा बांधच फुटला. "तुमी भर लोकाईत बोंबलले जी, पोरगी बरी झाली, बरी झाली. सगळ्याईनं पाह्यलं तिले. गडव्यावर नाव कोरून गावभर फिरवलं. त्याच राती लेकरू तापलं. मंग मी म्हटलं, आता या पोरीची बरी झाल्याची गोष्ट कोणाच्या तोंडातून निघाली नाई पाहिजे. तुमच्या दवाखान्यात आलं का तुमी पुन्हा बोंबलणार. म्हणून नाई आनलं."

"अन् गोळ्या?" सरांनी विचारलं.

"बरी झाली तं गोळ्या कायले?" माय म्हणाली.

मी सरांकडं पाहिलं. नजर, दृष्ट हे शब्द सरांसमोर काढायची सोय नव्हती. त्यांच्या आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा घरातले सगळे गंडेदोरे गोळा करून वैनगंगेत सोडले होते, आणि ही गोष्ट सर दर पेशंटला अभिमानानं ऐकवायचे. मला वाटलं आता व्याख्यान होणार आणि आपण सगळं गमावणार.  पण सर खाली बघत होते. त्यांना कळलं होतं की पोरीला औषधांपासून तोडलं ते त्यांच्याच आनंदानं. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण "मशीन आण, सिस्टर" हे मला दोनदा विचारून ऐकावं लागलं.

मागाशेजारच्या खाटेवर सुषमाला झोपवून एको काढला. सरांच्या चेहऱ्यावरून मला समजलं. हृदय पुन्हा सैलावायला लागलं होतं. फार नाही, पण लागलं होतं. पोरगी मात्र आम्हाला विचारत होती, "चांगलं आहे ना, सर?"

सरांनी मशीन बंद केली आणि बाळाकडं पाहिलं. बाळाच्या कमरेला काळा दोरा होता.

"माय," ते म्हणाले, "लेकराचा ताप उतरला?"

"हाव जी, कवाच उतरला."

"मंग हा दोरा काहून नाई काढला?"

मायनं त्यांच्याकडं असं पाहिलं की याला एवढंही कळत नाही. "ताप उतरला म्हणून दोरा काढतात का जी? दोरा आहे म्हणून तं लेकरू बरं आहे."

"बरोबर," सर म्हणाले. "अन् हिची गोळी काहून काढली?"

 बाहेर ढोलकी वाजत होती. माय एकदा लेकीकडं बघायची, एकदा दोऱ्याकडं. मग तिनं हळूच विचारलं, "पुन्हा वाढलं का जी आतमंदी?"

"थोडं. वेळेत सापडली. आता गोळी काढाची नाही. मी सांगेपर्यंत नाही."

तेवढ्यात दार ढकललं गेलं. मंडईचे पाहुणे, शेजारच्या बाया, सगळ्यांना डॉक्टर आल्याचं कळलं होतं. एकीनं विचारलं, "कशी आहे जी आमची सुषमा?"  मायनं सरांच्या तोंडाकडं असं पाहिलं की आता हे पुन्हा बोंबलतात.

सर उभे राहिले आणि ठणकावून म्हणाले, "बेकार. एकदम बेकार."

बाया हळहळत मागं सरल्या. मायच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. आणि त्या दिवशी ते खरंही होतं.  परत येताना सर गाडीत म्हणाले, "आजोबानं ऐकलं असतं तं काय म्हटलं असतं?"

मी म्हटलं, "म्हटलं असतं, नातू उशिरा का होईना, गप्प बसायला शिकला."

ते इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली.

पुढं सुषमानं एकही तपासणी चुकवली नाही. माय स्वतः तिला एसटीत बसवून घेऊन यायची, गोळ्यांचं पाकीट पदरात बांधलेलं. आणि एका सकाळी सरांनी एको पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि नुसती मान हलवली. मी मशीनच्या पडद्यावर पाहिलं. काय सुंदर ठोके पडत होते हो. मला तिथंच रडू आलं, लपवून काय उपयोग. सरांनी चष्मा पुसला, पडदा सारला आणि गच्च भरलेल्या बाकांसमोर येऊन गर्जले, "बेकार. इतकं बेकार दिल मी जन्मात नाही पाह्यलं." माय तोंडाला पदर लावून हसत होती. बाकावरची कारध्याची काकू घाबरून उठून उभी राहिली, तिला मी नंतर सगळं समजावलं. गडवा या वेळी कोरा होता. नाव नाही, काही नाही. उलट सरांनी त्याच्या बुडाला काजळाचा ठिपका लावून आणला होता, आणि काजळ कुठून आणलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्यानंतर आमच्या दवाखान्याची भाषाच पालटली. पेशंट बरा झाला की सर त्याला शिव्या घालायचे. "काय हे तोंड, काय ही तब्येत, जा घरी." नवीन माणूस रडवेला व्हायचा आणि जुने त्याला सांगायचे, अरे, पेढे आण. मुख्य कार्यालयातले लोक एकदा पाहणीला आले, त्यांना वाटलं इथं सगळेच मरायला टेकलेत. कागद पाहून त्यांनी डोळे चोळले.

सर निवृत्त होऊन लेकीकडं पुण्याला गेले त्याला आता बराच काळ झाला. निरोपाला हार, भाषणं काही करू दिलं नाही. गावोगावची माणसं रांगेनं आली आणि एकेक जण सरांना म्हणाला, "फार वाळले जी सर तुमी. बेकार दिसून राहिले." सर हात जोडून "हो, हो" म्हणत होते. चमचा त्यांनी मला दिला. मी तो वापरते. लाज आता वाटत नाही.

परवा सुषमा तपासणीला आली होती. पोरगं शाळेत जातं, तीट लावू देत नाही म्हणून मायचं त्याच्याशी भांडण चालू असतं. हृदयाचं विचाराल तर काय सांगू, बेकारच. मी सरांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला.

"कसे आहा जी सर?" तिनं विचारलं.

सरांचा आवाज अजून तसाच, फोन कानाला न लावताही मला ऐकू आला. "एकदम मस्त आहे पोरी. सकाळी टेकडी चढतो, लेकीच्या हातची भाजी चाखतो, नातीनं कॅरममध्ये—"

"सर," सुषमानं त्यांना मधेच तोडलं. आवाज अगदी तिच्या मायसारखा. "असं नाई म्हणाचं."

 ज्या माणसाच्या आजोबांनी घरातले सगळे दोरे नदीत सोडले होते, त्या माणसानं फोनवर घसा खाकरला. 

"बेकार आहे, पोरी," सर म्हणाले. "एकदम बेकार."

"हं," सुषमा म्हणाली. "असेच राहा."